पॅन फिरवला आणि शाई गेली: एका बाजूच्या आवाजाचा बिघाड कसा शोधायचा

सोलापूरच्या पूर्व भागात माझी रेकॉर्डिंगची एक खोली आहे. दोन्ही बाजूंना यंत्रमाग, म्हणून माइक उघडायचा तो रात्री किंवा मागांच्या सुट्टीच्या दिवशी. भजनी मंडळं, शाळांच्या गॅदरिंगची गाणी, हलगी-लेझीमचे ट्रॅक, मंगलाष्टका, सगळं इथे होतं. शिवाय घरीच लॅपटॉपवर रेकॉर्ड करणारी मुलं पेन ड्राइव्ह घेऊन येतात. त्यांच्यातल्या निम्म्यांची तक्रार एकच असते: "सर, एकाच कानात येलालंय की ओ."

हा बिघाड मी इतक्या वेळा काढला आहे की आता तो कुठल्या क्रमाने शोधायचा हे हाताला ठाऊक झालं आहे. तोच क्रम इथे देतो. आधी फुकटातलं, मग खर्चाचं, शेवटी अवघड.

लक्षणं

- हेडफोनचा एकच कान वाजतो, दुसरा गप्प.
- पॅनचा, म्हणजे आवाज डावीकडे-उजवीकडे नेणारा, नॉब डावीकडे नेला की वाद्य डावीकडे सरकण्याऐवजी त्याचा अर्धा भाग नाहीसा होतो. कीबोर्डचे वरचे सूर जातात, पखवाजाची शाई, म्हणजे उजव्या पुडीचा आवाज, जातो.
- नॉब मध्यावर ठेवला तरी प्ले दाबल्यावर तो आपला आपण फिरतो.
- वाद्य बाजूला नेलं की बारीक होतं, मध्ये आणलं की अंगावर येतं.
- हेडफोनवर गाणं भरलेलं वाटतं, पण मोबाइलच्या स्पीकरवर किंवा मांडवातल्या कर्ण्यावर मुख्य गायकाचा आवाजच नाही.

पाचही लक्षणं वेगवेगळी दिसतात, काही वेळा कारणंही वेगळी निघतात, पण पुष्कळदा मुळाशी एकच गोष्ट असते. आपण मोनो (एकच सिग्नल) समजतो ते स्टिरिओ (डावा-उजवा असे दोन वेगळे सिग्नल) असतं, किंवा स्टिरिओ समजतो ते मोनो. आणि हातातला नॉब पॅनचा आहे की बॅलन्सचा (फरक पाचव्या पायरीत), हे कुणी पाहिलेलं नसतं.

आधी एक फाइल बनवून ठेवा

तपासायला गाणं लावू नका. गाण्यात काय कुठे असायला हवं हे आपल्यालाच नक्की ठाऊक नसतं, मग कानाला जे हवं तेच ऐकू येतं. त्यापेक्षा स्वतःच्या आवाजात चार शब्द रेकॉर्ड करा. "डावा" हा शब्द फक्त डाव्या बाजूला, "उजवा" फक्त उजव्या, "मध्ये" दोन्हीकडे सारखा. चौथा शब्द "उलटा": हाही दोन्हीकडे सारखाच, पण एका बाजूची पोलॅरिटी फिरवलेली, म्हणजे तिथली आवाजाची लाट उलटी केलेली. ऑडॅसिटी या सॉफ्टवेअरमध्ये हे काम फुकटात होतं. स्टिरिओ ट्रॅक दोन मोनोंत तोडायचा, एकाला इन्व्हर्ट इफेक्ट द्यायचा, पुन्हा जोडायचा. ही फाइल डब्ल्यूएव्हीमध्ये काढा. मोबाइल, लॅपटॉप, पेन ड्राइव्ह, तिन्हीकडे असू द्या. पुढच्या जवळपास प्रत्येक पायरीला ती लागते.

पहिली पायरी: हेडफोन उलटा घाला

डावा कप उजव्या कानावर, उजवा डाव्यावर. दहा सेकंदांचं काम आहे आणि बरेच जण नेमकं हेच करत नाहीत.

बिघाड कपाबरोबर दुसऱ्या कानावर गेला, तर तो हेडफोनात किंवा त्याच्या मागे, म्हणजे पिन, केबल, संगणक यांत कुठेतरी आहे. पुढे चला. पण हेडफोन उलटा करूनही त्याच कानाला कमी ऐकू येत असेल, तर सॉफ्टवेअरला हात लावू नका. ती तक्रार कानाची आहे.

हे मी पाहिलं आहे म्हणून सांगतो. माझ्याकडे येणारा एक हलगीवादक दोन महिने प्रत्येक मिक्स उजवीकडे ढकलत होता. उजवी बाजू कमी पडते म्हणायचा. एकदा हेडफोन उलटा घालायला लावला, तरी उजवीच कमी. वर्षानुवर्षं कानाजवळ हलगी वाजवून त्या कानावर परिणाम झाला होता. कानाच्या डॉक्टरांकडे गेला, आता वाजवताना बोळे घालतो. एका कानाचं ऐकू येणं अचानक, एक-दोन दिवसांत कमी झालं असेल, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. त्यात उपचार जितके लवकर तितका उपयोग, आठवडे गेले की हातातून जातं.

दुसरी पायरी: पिन आणि कन्व्हर्टर

पिन पूर्ण आत गेली आहे का ते बघा. अर्धवट बसलेल्या स्टिरिओ पिनेत एक बाजू जाते, किंवा दोन्हींचा विचित्र पोकळ आवाज येतो. त्यानंतर कन्व्हर्टर बघा, बारीक ईपी पिन मोठ्या पी-३८ मध्ये घालायचा तो. त्याच्या टोकावर काळ्या पट्ट्या मोजा. दोन असतील तर स्टिरिओ, एकच असेल तर मोनो. इंटरफेसच्या (माइक संगणकाला जोडणाऱ्या यंत्राच्या) हेडफोनच्या भोकात मोनो कन्व्हर्टर लावला की बहुधा फक्त डावा कान वाजतो. दुकानात दोन्ही एकाच डब्यात असतात आणि दिसायला सारखे. एक चांगला स्टिरिओ कन्व्हर्टर घेऊन त्यावर रंगीत टेप गुंडाळून ठेवा, म्हणजे घाईत चुकीचा हातात येणार नाही.

तिसरी पायरी: संगणकाची आणि फोनची सेटिंग

विंडोज, मॅक, अँड्रॉइड, आयफोन, या चारही ठिकाणी ॲक्सेसिबिलिटीमध्ये मोनो ऑडिओचा पर्याय असतो. एका कानाने ऐकू न येणाऱ्यांसाठी तो फार उपयोगाचा आहे. पण चुकून चालू राहिला, तर तुम्ही सॉफ्टवेअरमध्ये कितीही पॅन फिरवा, दोन्ही कानांत तेच येणार. आवाजाचा डावा-उजवा बॅलन्सही तिथेच किंवा साउंडच्या सेटिंगमध्ये असतो, आणि तो मध्यावरून सरकलेला सापडू शकतो. घरात एकच फोन चार जण वापरतात तिथे हे हमखास होतं.

इथे आपली फाइल लावा. "डावा" डावीकडे, "उजवा" उजवीकडे, "मध्ये" मधोमध आला, की संगणक आणि हेडफोन निर्दोष. इथपर्यंत एक कन्व्हर्टर सोडला तर काही खर्च नाही, आणि माझ्याकडे येणाऱ्या बऱ्याच तक्रारी इथेच संपतात.

चौथी पायरी: ट्रॅक मोनो आहे की स्टिरिओ

दोन इनपुटांचा इंटरफेस घेतला, माइक पहिल्या भोकात लावला, सॉफ्टवेअरमध्ये नवा ट्रॅक उघडला. त्या ट्रॅकचं इनपुट "१ आणि २, स्टिरिओ" असं ठरलं, तर सॉफ्टवेअर पहिलं भोक डावीकडे आणि दुसरं उजवीकडे भरतं. दुसऱ्या भोकात काहीच नाही, म्हणून उजवी बाजू कोरी. एका कानाच्या तक्रारींत रेकॉर्डिंगमधलं सर्वांत मोठं कारण हेच.

ओळखायचं कसं? वेव्हफॉर्म, म्हणजे स्क्रीनवरचं आवाजाचं चित्र, बघा. वरच्या पट्टीत आवाजाचे डोंगर आणि खालच्या पट्टीत सरळ रेघ दिसली, की हाच प्रकार. पुढच्या रेकॉर्डिंगसाठी ट्रॅकचं इनपुट मोनो करा आणि एकच क्रमांक निवडा.

झालेलं रेकॉर्डिंग वाया जात नाही. पण ते दुरुस्त करताना एक चूक होते. लोक "मोनो डाउनमिक्स" दाबतात. त्यात डावी आणि कोरी उजवी यांची सरासरी होते, म्हणून आवाज ६ डेसिबलने खाली जातो, मग तो फेडर (आवाज कमी-जास्त करायची सरकपट्टी) वर ढकलून भरून काढतात. त्याऐवजी फक्त डावा चॅनेल घ्या. रीपर या सॉफ्टवेअरमध्ये आयटमच्या प्रॉपर्टीजमध्ये चॅनेल मोड असतो, तिथे डाव्याचं मोनो निवडता येतं. ऑडॅसिटीत ट्रॅक तोडून कोरी बाजू काढून टाका.

गाताना फक्त एका कानात ऐकू येतं, पण रेकॉर्ड झालेलं बरोबर आहे, असंही होतं. तो इंटरफेसचा डायरेक्ट मॉनिटर. काही मॉडेलांवर तो पहिलं भोक डाव्या कानात आणि दुसरं उजव्या कानात पाठवतो. त्यावर मोनोचं बटण असेल तर दाबा. नसेल तर रेकॉर्डिंगचं काही बिघडलेलं नाही एवढं गायकाला समजावा.

पाचवी पायरी: हा नॉब पॅनचा की बॅलन्सचा?

इथे थोडं थांबावं लागेल, कारण जाणती माणसंही इथेच अडकतात.

एका भजनी मंडळाचं रेकॉर्डिंग होतं. आषाढीच्या आधीचे दिवस, सगळ्यांना पंढरपूरला निघायची घाई. पखवाजाला मी दोन माइक लावले होते, डाव्या अंगाला धुमेचा आणि उजव्या अंगाला शाईचा. वादकाने कणीक लावून धुम अशी जमवली होती की पहिल्या थापेलाच खोली भरली. दोन्ही माइक एकाच स्टिरिओ ट्रॅकवर घेतले. दुसऱ्या दिवशी त्यांच्यातलाच एक जाणता मुलगा फाइल घरी घेऊन गेला आणि टाळ उजवीकडे आहेत म्हणून त्याने पखवाज डावीकडे नेला. रात्री फोन आला: "धुम आहे, शाई गेली. फाइल बिघडली काय?"

फाइल बिघडली नव्हती. त्याच्या हातातला नॉब पॅनचा नव्हता, बॅलन्सचा होता.

सोलापूरकरांना पाण्यावरून पटकन कळेल. समजा घरात एकच पाइप येतो आणि पुढे त्याला दोन तोट्या आहेत. मधला कॉक डावीकडे फिरवला की सगळं पाणी डाव्या तोटीला येतं. पाणी तेच, फक्त वाट बदलली. हा पॅन. आता समजा दोन स्वतंत्र लाइनी आहेत, एक उजनी धरणाची, एक हिप्परग्याच्या तलावाची. हिप्परग्याचा व्हॉल्व्ह बंद केला तर त्या लाइनीचं पाणी उजनीच्या लाइनीतून येत नाही. ते येतच नाही. हा बॅलन्स.

मोनो ट्रॅकवर एकच सिग्नल असतो, त्यामुळे नॉब तो दोन बाजूंना वाटतो. स्टिरिओ ट्रॅकवर दोन वेगळे सिग्नल असतात, आणि बहुतेक सॉफ्टवेअर तिथे तोच नॉब दाखवून काम मात्र बॅलन्सचं करतं. डावीकडे फिरवला की डावं तसंच राहतं, उजवं कमी होत जातं, टोकाला गेलं की शून्य. उजव्या बाजूला शाई होती, ती गेली. नॉब तसाच दिसतो, नावही बऱ्याचदा पॅनच लिहिलेलं असतं, म्हणून कुणाला शंका येत नाही.

माझ्या मते स्टिरिओ ट्रॅकवरचा हा नॉब पॅन म्हणून वापरूच नये. दोन बाजूंतली एक किंचित जड झाली असेल तेवढी सावरायला तो चांगला आहे, वाद्य हलवायला नाही.

वाद्य खरोखर हलवायचं असेल तर बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये वाट आहे, फक्त ती झाकलेली असते. लॉजिकमध्ये पॅनच्या नॉबवर राइट क्लिक करा, बॅलन्स आणि स्टिरिओ पॅन यांतून निवडता येतं. एबलटन लाइव्हमध्ये नॉबवर राइट क्लिक करून स्प्लिट स्टिरिओ पॅन निवडा, एका नॉबचे दोन होतात. क्यूबेसमध्ये पॅनरवर राइट क्लिक केलं की बॅलन्स पॅनर, ड्युअल पॅनर आणि कम्बाइन्ड पॅनर असे प्रकार दिसतात. रीपरमध्ये पॅनवर राइट क्लिक करून पॅन मोड बदला. त्याचा मूळ मोड मोनोसाठी पॅन आणि स्टिरिओसाठी बॅलन्स असाच असतो. प्रो टूल्समध्ये स्टिरिओ ट्रॅकला सुरुवातीपासूनच दोन नॉब असतात, एक पूर्ण डावीकडे, एक पूर्ण उजवीकडे. तिथे उलटी चूक होते. नवखा माणूस दोन्ही नॉब मध्यावर आणतो आणि स्टिरिओचं मोनो करून बसतो.

कुठलंच सापडलं नाही तर सगळ्या सॉफ्टवेअरमध्ये चालणारा एक उपाय आहे. स्टिरिओ फाइल दोन मोनो ट्रॅकमध्ये तोडा. पखवाजाचं मी आता नेहमी तसंच करतो. धुम मधोमध, शाई थोडी उजवीकडे, पंचवीस-तीस टक्के. खालचा स्वर मध्येच शोभतो, आणि कुठल्याही स्पीकरवर तो हरवत नाही.

एक गैरसमज इथेच काढून टाकतो. आवाज रुंद करायला लोक गायकाचा एकच ट्रॅक कॉपी करतात, एक पूर्ण डावीकडे, एक पूर्ण उजवीकडे. दोन्ही हुबेहूब सारखे असतील तर आवाज मधोमधच राहतो, फार तर मोठा होतो. रुंदी फरकातून येते. गायकाला पुन्हा एकदा गायला लावा आणि दुसरा ट्रॅक खरोखर घ्या.

सहावी पायरी: नॉब आपोआप फिरत असेल तर

दोन कारणं. पहिलं ऑटोमेशन, म्हणजे नॉब कधी कुठे फिरवायचा याची सॉफ्टवेअरमधली नोंद. ट्रॅक रीड मोडवर असेल आणि कधीतरी चुकून पॅनची रेघ ओढली गेली असेल, तर तुम्ही नॉब कुठेही ठेवा, प्ले दाबलं की सॉफ्टवेअर त्या रेघेप्रमाणे तो फिरवतं. ऑटोमेशनची पट्टी उघडा, रेघ पुसा.

दुसरं कारण मिडी, म्हणजे वाजवलेल्या सुरांची संगणकातली नोंद, आणि ते लवकर सापडत नाही. ॲरेंजर कीबोर्डवरून मिडी फाइल आणली की तिच्यात कंट्रोलर क्रमांक १० लपलेला असतो. तो पॅनचा. ० म्हणजे डावं टोक, ६४ म्हणजे मध्य, १२७ म्हणजे उजवं टोक. बॅलन्ससाठी मिडीत वेगळा क्रमांक आहे, ८. म्हणजे मिडी ठरवणाऱ्यांनीही या दोन गोष्टी वेगळ्या मानल्या होत्या. मिडी एडिटरमध्ये कंट्रोलरची लेन उघडून क्रमांक १० चे ठिपके पुसून टाका. सॉफ्टवेअरचा नॉब मधोमध दिसत असूनही वाद्य बाजूला ऐकू येत असेल, तर आधी हेच बघा, कारण तिथे वाद्याच्या प्लगइनच्या, म्हणजे सॉफ्टवेअरला जोडलेल्या छोट्या सॉफ्टवेअरच्या, आतला पॅन फिरलेला असतो.

सातवी पायरी: बाजूला नेलं की आवाज का बदलतो

हा बिघाड नाही, याला पॅन लॉ म्हणतात. मधोमध असलेला आवाज दोन स्पीकरांतून येतो, बाजूचा एकाच. सारखे दोन सिग्नल विजेच्या तारेत मिळाले तर ६ डेसिबल वाढतात. खोलीत दोन स्पीकरांतून मिळाले तर साधारण ३. म्हणून सॉफ्टवेअर मध्यावर आवाज थोडा उतरवतं. किती उतरवायचा यावर एकमत नाही. कुणी ३, कुणी ६, कुणी मधला मार्ग म्हणून ४.५ डेसिबल. आणि कुणी काहीच उतरवत नाही. रीपरमध्ये मुळात ० असतो, म्हणून तिथे बाजूला नेलेलं वाद्य बारीक वाटतं. एबलटन लाइव्ह उलट करतं, मध्यावर तसंच ठेवून टोकाला ३ डेसिबल वाढवतं, म्हणून टोकाला नेलेला जोरकस ट्रॅक लाल दिव्यात जाऊ शकतो. एफएल स्टुडिओत प्रोजेक्टच्या सेटिंगमध्ये सर्क्युलर आणि ट्रायँग्युलर असे दोन प्रकार मिळतात. क्यूबेसमध्ये प्रोजेक्ट सेटअपमध्ये बदलता येतो.

याचा त्रास कधी होतो? एका सॉफ्टवेअरमध्ये मिक्स केलेलं काम दुसऱ्यात उघडलं की. पॅनचे आकडे तेच, पण संतुलन वेगळं. दुसऱ्याला काम द्यायचं असेल तर पॅन लॉ कुठला होता हे कागदावर लिहून द्या. मधेच पॅन लॉ बदलू नका, सगळे फेडर पुन्हा लावावे लागतात. खोलीत ऐकायचं असेल तर ३ ठीक. मिक्स मुख्यतः मोनोवर वाजणार असेल तर ४.५ किंवा ६ घेऊन सुरुवात करा.

आठवी पायरी: मोनोत ऐका

ही पायरी माझ्या जिव्हाळ्याची, कारण सोलापुरात आपलं काम शेवटी मोनोवरच वाजतं. गड्ड्याच्या यात्रेत सिद्धेश्वर मंदिराच्या परिसरात लावलेला भोंगा घ्या, गल्लीतल्या मंडळाचा कर्णा घ्या, रिक्षातला एकच स्पीकर घ्या. तिथे डावं-उजवं काही नसतं. ॲलन ब्लमलाइनने १९३१ मध्ये इंग्लंडमध्ये स्टिरिओचं पेटंट मागितलं, त्याला नव्वद वर्षं होऊन गेली, तरी मांडवात एकच लाइन सगळ्या कर्ण्यांना फिरते. ते बरोबरच आहे. मांडवाच्या डाव्या टोकाला बसलेल्या आजींनाही पूर्ण भजन ऐकू आलं पाहिजे.

मास्टरवर, म्हणजे सगळे ट्रॅक एकत्र होतात तिथे, मोनोचं बटण दाबा. रीपरच्या मास्टरवर ते असतं, एबलटनच्या युटिलिटी प्लगइनमध्ये असतं, लॉजिकच्या गेन प्लगइनमध्ये असतं. आता ऐका. गायक तसाच राहिला तर छान. गायक पातळ झाला किंवा नाहीसाच झाला, तर कुठेतरी एक बाजू दुसरीच्या उलट आहे. एक सिग्नल पुढे ढकलतो तेव्हा दुसरा मागे ओढतो, आणि बेरीज शून्य. कोरिलेशन मीटर असेल तर तो बघा. अधिक १ म्हणजे दोन्ही बाजू सारख्या, शून्याच्या आसपास म्हणजे रुंद, उणे १ कडे टेकून राहिला म्हणजे धोका. आपल्या फाइलमधला "उलटा" शब्द मोनोत पूर्ण गप्प झाला पाहिजे. तो ऐकू आला तर तुमचं मोनोचं बटण खरं मोनो करत नाही.

उलटा सिग्नल येतो कुठून? माझ्या अनुभवात तीन वाटांनी.

एक, केबल. मिक्सरच्या बॅलन्स्ड आउटमधून स्टिरिओ पी-३८ पिन काढली आणि ती ईपी करून कॅमेऱ्याच्या किंवा रेकॉर्डरच्या स्टिरिओ इनपुटमध्ये घातली. बॅलन्स्ड केबलमध्ये एका तारेवर सिग्नल असतो आणि दुसऱ्या तारेवर तोच उलटा. कॅमेरा त्यांना डावं आणि उजवं समजून भरतो. हेडफोनवर आवाज डोक्याच्या मागून आल्यासारखा वाटतो, मोबाइलवर लावला की जवळजवळ शांतता. हा बॅलन्स्ड शब्द आणि मघाचा बॅलन्सचा नॉब यांचा एकमेकांशी संबंध नाही, नावाचा गोंधळ आहे फक्त. उपाय सोपा: फक्त डावा चॅनेल ठेवा, उजवा टाकून द्या.

याचीच उलटी बाजू मी एका गणेशोत्सवात पाहिली. लॅपटॉपच्या हेडफोनची स्टिरिओ पिन मिक्सरच्या बॅलन्स्ड लाइन इनपुटमध्ये होती. मिक्सर एका तारेतून दुसरी वजा करतो, म्हणजे डाव्यातून उजवं वजा. जे दोन्हीकडे सारखं, ते सगळं शून्य. गायक मधोमध असतो, तो गेला. राहिला फक्त बाजूचा कोरस आणि गायकाच्या मागचा प्रतिध्वनी. मुलं गाणं बदलून बदलून बघत होती, प्रत्येक गाण्यात तेच. पिन थोडी बाहेर ओढली की गायक परत यायचा, म्हणून पिन खराब म्हणत होते. दोन मोनो पिनांची केबल आणली, दोन चॅनेलला लावली, एक पूर्ण डावा, एक पूर्ण उजवा. मिटलं. दोन्ही आउट पिळून एका मोनो पिनेत बांधू नका. दोन आउटपुट एकमेकांवर ताण देतात. एकत्र करायचेच असतील तर मध्ये रेझिस्टर असलेली केबल साउंडवाल्याकडून बनवून घ्या.

दोन, दोन माइक. पखवाजाच्या धुमेवर थाप पडली की ती पुडी आत जाते आणि आतली हवा दुसरी पुडी बाहेर ढकलते. दोन टोकांच्या माइकांना त्यामुळे उलट सिग्नल मिळू शकतो. एका ट्रॅकची पोलॅरिटी फिरवा, दोन्ही प्रकारे मोनोत ऐका, धुम जिथे भरीव वाटेल ते ठेवा. लक्षात घ्या, स्टिरिओ ट्रॅकच्या दोन्ही बाजू एकदम उलट्या केल्या तर काहीच बदलत नाही. फिरवायची ती एकच बाजू. युटिलिटी आणि गेन प्लगइनमध्ये डाव्या-उजव्याची बटणं वेगळी असतात.

तीन, रुंदी वाढवणारे प्लगइन आणि कॉपी करून उशिरा सोडलेला ट्रॅक. कॉपी १ मिलिसेकंद उशिरा सोडली तर मोनोत ५०० हर्ट्झला खड्डा पडतो, मग १५००, मग २५००. गायकाचा आवाज नळीतून आल्यासारखा होतो. हा बिघाड पोलॅरिटी फिरवून जात नाही, खड्डे फक्त जागा बदलतात. तो प्लगइन काढावाच लागतो.

आणि कर्ण्यावर वाजणाऱ्या कामासाठी माझा पक्का नियम: मुख्य गायक, ढोलकी-पखवाजाचा खालचा स्वर आणि शब्दांची ओळ मधोमध. टाळ, कोरस, पेटीचे भराव बाजूला. मांडवात कुणी घाईत एकच केबल लावली, तरी भजन पूर्ण ऐकू आलं पाहिजे. शक्य असेल तर एक मोनो फाइल वेगळी काढून द्या आणि तिच्या नावातच "मोनो, मांडवासाठी" असं लिहा.

कुठे थांबायचं

इंटरफेसचं भोक हलवलं की एक बाजू येते-जाते, आणि तीन वेगळ्या केबलींनी तेच होतं, तर आतला सांधा सुटला आहे. सोल्डरिंगचा हात नसेल तर उघडू नका. वॉरंटीत असेल तर अजिबात नको.

ॲम्प्लिफायरची एक बाजू बंद असेल तर केबल आणि स्पीकर अदलाबदल करून बघा, त्यापुढे नाही. प्लग काढल्यानंतरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये वीज राहते. माइकला किंवा मिक्सरच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, तर रेकॉर्डिंग तिथेच थांबवा आणि आधी इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्या.

वेगवेगळे ट्रॅक हरवले आहेत, हातात फक्त तयार स्टिरिओ फाइल आहे आणि ती मोनोत पोकळ होते, अशी वेळ आली तर मास्टरिंग करणाऱ्याकडे जा. पूर्ण एक बाजू उलटी असेल तर त्याचं काम पाच मिनिटांचं. पण फक्त गायकावरचा प्लगइन चुकलेला असेल, तर तयार फाइलमधून तो पूर्ण निघत नाही, आणि हे तोंडावर सांगणाराच माणूस निवडा.

कुणाकडेही जाताना चार शब्दांची ती फाइल पेन ड्राइव्हवर न्या. कागदावर कुठली पायरी केली, "डावा" कुठे वाजला, "उलटा" मोनोत गेला की राहिला, एवढं लिहा. दुरुस्ती करणाऱ्याचा अर्धा तास वाचतो, आणि तुमचे पैसेही.